न्याहारीचा प्रश्न आणि प्रश्नावलीची कसोटी

(संस्थेच्या वार्षिक सभेत बालरोग व आहार विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती शिबिरे भरविली याचा हिशेब आपल्यापुढे ठेवतो. यंदा तो हिशेब अहवालाच्या तक्त्यांवर सोपवून आम्ही एका अगदी साध्या वाटणाऱ्या प्रश्नाविषयी बोलणार आहोत. तो प्रश्न असा : ‘बाळ, सकाळी न्याहारी केलीस का?’ हा प्रश्न पुण्यातील प्रत्येक आई विचारते, शिक्षक विचारतात, आमचे डॉक्टरही विचारतात. उत्तर बहुधा ‘हो’ असे येते, आणि आपण निश्चिंत होतो. ही निश्चिंती किती फसवी असते, हे आम्हाला आमच्याच चुकीतून उमगले. ती चूक आपल्यापासून लपवून ठेवणे योग्य होणार नाही. कारण तिच्यापायी आपल्या देणगीचा पैसा चुकीच्या दाराशी जाता जाता थोडक्यात राहिला.

झाले ते असे. शालेय आरोग्य तपासणीच्या उपक्रमात आम्ही मुलांकडून एक छोटा तक्ता भरून घेत होतो. त्यात वजन, उंची, दात, डोळे यांच्याबरोबर ‘रोज न्याहारी करता का? होय / नाही’ असा एक रकाना होता. एके दिवशी सकाळच्या शाळेतील आठवीची एक मुलगी प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली, म्हणून तिला आमच्या बाह्यरुग्ण विभागात आणले. चेहरा फिकट, नखे पांढुरकी, हिमोग्लोबिन बरेच कमी. तिचा तक्ता काढून पाहिला, तर न्याहारीच्या रकान्यात ‘होय’ अशी खूण. आमच्या आहारतज्ज्ञ भगिनींनी तिला जवळ बसवून विचारले, तेव्हा ती सहजपणे म्हणाली, ‘चहा घेते की रोज!’ तिची आई पहाटेच धुण्याभांड्याच्या कामाला बाहेर पडे. मुलगी स्वतः चहा करून, धाकट्या भावाला टोस्ट देऊन, उरलाच तर स्वतः एक खाऊन शाळेला येई. तिने आम्हाला खोटे सांगितले नव्हते. तिच्या घरी चहालाच न्याहारी म्हणत होते.

त्याच आठवड्यात दुपारच्या शाळेतील एका मुलाचा तक्ता आमच्या हाती आला. त्यात ‘नाही’ अशी खूण होती. चौकशीअंती कळले की तो उशिरा उठतो, साडेदहाला भाजी, पोळी, वरण, भात असे पोटभर जेवतो आणि बाराच्या शाळेला जातो. त्याच्या दृष्टीने ते जेवण होते, न्याहारी नव्हती. म्हणून त्याने प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिले. मुलीची उपासमार आमच्या कागदावर ‘होय’ झाली होती आणि मुलाचे भरलेले पोट ‘नाही’ झाले होते. या दोन चुका परस्परांना झाकून टाकत होत्या. एकूण टक्केवारी काढली तर ती अगदी पटण्याजोगी दिसत होती. पण त्या टक्केवारीमागचे मूल मात्र चुकीचे होते. त्या आकड्यांच्या आधारे आम्ही दुपारच्या शाळेत पूरक आहार देण्याचा प्रस्ताव विश्वस्तांपुढे मांडण्याच्या बेतात होतो. ज्या शाळेत मुलगी चक्कर येऊन पडली, त्या शाळेचे नाव आमच्या यादीत नव्हते.

म्हणून आम्ही तो प्रस्ताव थांबविला आणि प्रश्नावलीकडे पुन्हा वळलो.

आपल्यापैकी काहींना वाटेल की रुग्णालयाचे काम औषधोपचाराचे; प्रश्न कसा विचारावा याची एवढी चिकित्सा कशासाठी? यावर आमचे उत्तर असे की वजनकाट्यात दोष असेल तर आपण तो दुरुस्त करून घेतो, रक्तदाब मोजण्याचे यंत्र वेळोवेळी तपासून घेतो. आहाराच्या बाबतीत प्रश्न हेच आमचे यंत्र आहे. ते चुकीचे दाखवीत असेल, तर त्यावर आधारलेला उपचारही चुकणारच.

या विषयात पुण्याची स्वतःची एक परंपरा आहे, तिचे स्मरण येथे करावेसे वाटते. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांच्या पोषणाचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी तो हाती घेतला. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी त्यातील आहाराच्या बाजूचा अभ्यास केला. मागील चोवीस तासांत काय खाल्ले आणि कोणता पदार्थ किती वेळा खाण्यात येतो, अशा दोन्ही प्रकारे त्या स्त्रियांना विचारण्यात आले. २००१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. एकूण उष्मांक किती आणि प्रथिने किती, यांचा बाळाच्या जन्माच्या वेळच्या आकारमानाशी संबंध आढळला नाही. पण दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे किती वेळा खाल्ली जातात, याचा मात्र स्पष्ट संबंध आढळला. ‘किती वेळा खाता?’ हा साधा प्रश्न नीट आखून, ओळखीच्या भाषेत आणि धीराने विचारला, तर तो केवढी माहिती हाती देऊ शकतो, याचे हे आपल्या अंगणातले उदाहरण आहे.

जगात इतरत्र मुलांच्या न्याहारीविषयी कसे विचारतात, तेही आम्ही पाहिले. युरोप व उत्तर अमेरिकेतील अनेक देशांत जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने ११, १३ आणि १५ वर्षांच्या शालेय मुलांची पाहणी दर चार वर्षांनी होते. तिच्यातील न्याहारीच्या प्रश्नात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, नुसते पेलाभर दूध किंवा फळांचा रस म्हणजे न्याहारी नव्हे, हे प्रश्नातच सांगून टाकलेले असते. दुसरी, शाळेचे पाच दिवस आणि सुट्टीचे दोन दिवस यांविषयी वेगवेगळे विचारले जाते. स्पेनमध्ये तयार झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या सोळा प्रश्नांच्या ‘किडमेड’ या प्रश्नावलीत न्याहारी टाळणाऱ्या मुलाचा एक गुण वजा होतो, आणि न्याहारीला बेकरीचे गोड पदार्थ खाणाऱ्याचाही एक गुण वजा होतो. म्हणजे न्याहारी केली की नाही एवढेच पुरे नाही. काय खाल्ले, हेही विचारले पाहिजे.

परंतु परदेशी प्रश्नावलीचे नुसते भाषांतर करून भागत नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळले. पुणेकरांच्या सकाळची रचनाच निराळी आहे. कोणाकडे न्याहारी, कोणाकडे नाश्ता, कोणाकडे ‘चहापाणी’. कोणी पोहे, उपमा, शिरा खातो. कोणी रात्रीच्या पोळीचा कुस्करा किंवा फोडणीचा भात. कोणी चहाबरोबर खारी. काही मुले घरून न खाता निघतात आणि डबा मधल्या सुट्टीत उघडतात. काहींच्या खिशात वडापावाचे पैसे असतात. शिवाय सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपवास आहेत. वाढत्या वयाच्या मुली आई-आजीबरोबर ते धरतात. त्या दिवशीची साबुदाण्याची खिचडी न्याहारीत धरायची की नाही? आणि सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांचा प्रश्न तर आम्ही वर सांगितलाच आहे.

तेव्हा आम्ही आधी व्याख्या ठरविली. झोपेतून उठल्यापासून साधारण दोन-तीन तासांच्या आत खाल्लेला पहिला घन आहार ती न्याहारी. नुसता चहा, कॉफी किंवा पाणी न्याहारीत धरायचे नाही. नुसते दूध वेगळ्या रकान्यात लिहायचे. दुपारच्या पाळीच्या मुलांचे शाळेपूर्वीचे जेवण स्वतंत्र नोंदवायचे. उपवासाचा दिवस असेल, तर तशी खूण करून काय खाल्ले ते लिहायचे.

त्यानंतर प्रश्नाची घडण बदलली. ‘रोज न्याहारी करता का?’ या प्रश्नात उत्तर दडलेले असते. चांगले मूल ‘हो’ म्हणते. त्याऐवजी आम्ही विचारू लागलो, ‘काल सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय टाकलेस? त्यानंतर शाळेत जाईपर्यंत आणखी काय?’ मुलाला आठवावे लागते, आणि आठवताना ते सहसा खरे सांगते. मग मागील आठवड्यातील शाळेच्या दिवसांविषयी आणि रविवारविषयी निरनिराळे विचारायचे. प्रमाण सांगण्यासाठी घरातील वाटी, चमचा, पेला आणि पोळी यांचीच मापे, सोबत चित्रे. आठ वर्षांखालील मुलाची आठवण आणि वेळेचे भान या कामी पुरे पडत नाही. तेथे आईला किंवा सांभाळणाऱ्या व्यक्तीला विचारणे भाग असते. किशोरवयीन मुलामुलींना मात्र एकटे विचारणेच बरे. घरच्यांसमोर किंवा वर्गशिक्षकांसमोर विचारले, तर ती समोरच्याला आवडेल तेच उत्तर देतात.

आता प्रश्नावली तयार झाली, एवढ्याने ती विश्वसनीय ठरत नाही. तिला कसोट्या लावाव्या लागतात. पहिली कसोटी समजुतीची. थोड्या मुलांना प्रश्न वाचून दाखवायचा आणि ‘यातून तुला काय समजले, ते तुझ्या शब्दांत सांग’ असे म्हणायचे. ‘घन आहार’ हा शब्द आमच्या कागदावरून पहिल्याच फेरीत गेला; त्याच्या जागी ‘चावून खाण्याचा पदार्थ’ आला.

दुसरी कसोटी पुनरावृत्तीची. त्याच मुलांना सुमारे दोन आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. सवय तीच असेल, तर उत्तरेही बहुतांशी तीच यावयास हवीत. येथे एक मेख आहे, ती हिशेब जाणणाऱ्या विश्वस्तांना आवडेल. समजा, शंभर मुलांना दोनदा विचारले. दोन्ही वेळा ८० जणांनी ‘होय’ आणि २० जणांनी ‘नाही’ म्हटले. दोन्ही वेळा तेच उत्तर देणारी मुले ८० निघाली. वरवर पाहता ८० टक्के जुळणी उत्तम वाटते. परंतु बहुसंख्य मुले ‘होय’च म्हणत असतील, तर डोळे मिटून उत्तरे दिली तरी योगायोगानेच ६८ टक्के उत्तरे जुळली असती. तो योगायोग वजा करून उरलेल्या जुळणीचे मोजमाप जेकब कोहेन यांनी १९६० साली सांगितले. त्यास कॅपा म्हणतात. या उदाहरणात ते केवळ ०.३७५ येते. पूर्ण जुळणीला १ मानले, तर ही प्रश्नावली काठावरसुद्धा उत्तीर्ण म्हणवत नाही. ‘८० टक्के’ असा आकडा कोणी अहवालात छापला, तर त्यामागे असा रिकामा भाग असू शकतो, हे ध्यानात असू द्यावे.

तिसरी कसोटी सप्रमाणतेची. उत्तर दोनदा सारखे आले म्हणून ते खरे ठरत नाही. चहाला न्याहारी म्हणणारी मुलगी दोन्ही वेळा ‘होय’च म्हणेल. म्हणून काही घरांतून तीन निरनिराळ्या दिवसांच्या, त्यात एक सुट्टीचा दिवस धरून, चोवीस तासांच्या आहाराच्या सविस्तर नोंदी घ्यायच्या आणि त्यांच्याशी मुलाचे उत्तर पडताळून पाहायचे. हे काम वेळखाऊ आहे. आमच्या परिचारिका आणि समाजसेवा विभागाच्या भगिनी यासाठी वस्त्यांमधून संध्याकाळी फिरल्या, कारण दिवसा घरी कोणी भेटत नाही.

एवढे सारे कशासाठी, याचे उत्तर शेवटच्या प्रश्नात आहे. तो प्रश्न आहे, ‘न्याहारी राहिली, ती का?’ वेळ नव्हता, भूक नव्हती, कोणी करून द्यायला नव्हते, वजन कमी करायचे होते, घरात काही नव्हते. कागदावर ही पाचही मुले ‘न्याहारी न करणारी’ म्हणून एकाच रकान्यात बसतात. पण प्रत्येकाचे औषध निराळे आहे. उशिरा झोपणाऱ्या मुलाला लवकर झोपविणे पुरे असते. वजनाच्या धास्तीने उपाशी राहणाऱ्या मुलीला समुपदेशन हवे. घरात काही नसणाऱ्या मुलाला अन्नच हवे; त्याला ‘न्याहारीचे महत्त्व’ या विषयावर व्याख्यान देणे ही क्रूर थट्टा होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या शालेय पाहणीत म्हणूनच एक प्रश्न थेट असतो : घरात पुरेसे अन्न नसल्यामुळे गेल्या ३० दिवसांत किती वेळा उपाशी राहावे लागले? हा प्रश्न विचारायला मन कचरते. तो एकांतात, कोणाच्याही नावाशिवाय, खालच्या आवाजात विचारावा लागतो.

याची निकड राष्ट्रीय आकड्यांवरून कळेल. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी २८ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळली; मुलींमध्ये हे प्रमाण ४० टक्के आणि मुलांमध्ये १८ टक्के होते. शालेय पोषण आहार योजना १९९५ सालापासून देशभर सुरू आहे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले, आणि २०२१ पासून ती ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ या नावाने चालते. तिच्यात पहिली ते पाचवीच्या मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरविलेले आहे. आठवीनंतर मात्र हे छत्र संपते, आणि नेमक्या त्याच वयात मुलींची रक्ताची गरज वाढते.

सकाळच्या आहाराकडे आता शासनांचेही लक्ष वळते आहे. तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ रोजी सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांसाठी न्याहारीची योजना सुरू केली आणि पुढच्या वर्षी तिचा राज्यभर विस्तार केला. आपल्या राज्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत असा निर्णय काढला. त्यामागे मुलांच्या झोपेचा विचार होता. पण सकाळी अर्धा तास अधिक मिळाला, तर तव्यावर एक पोळी अधिक पडते, हे कोणतीही आई सांगेल.

मात्र अतिशयोक्ती आम्ही करणार नाही. न्याहारी न करणारी मुले अभ्यासात मागे पडतात किंवा लठ्ठ होतात, असे सांगणाऱ्या अनेक पाहण्यांत गरिबी, झोप, घरातील शिस्त या इतर कारणांची सरमिसळ असते. त्यापेक्षा भक्कम पुरावा प्रत्यक्ष न्याहारी देऊन पाहिलेल्या प्रयोगांतून येतो. जमैकाच्या ग्रामीण भागातील सोळा शाळांत वर्षभर न्याहारी दिल्यानंतर मुलांची उपस्थिती व वाढ थोडी सुधारली आणि लहान वर्गांतील मुलांचे गणित सुधारले, असे १९९८ साली प्रसिद्ध झाले. लाभ मर्यादित होता, पण खरा होता. आमच्याही प्रश्नावलीची मर्यादा आम्ही जाणतो. ती शाळेचे, वस्तीचे चित्र दाखविते. एकेका मुलाचे निदान करीत नाही. निदानासाठी डॉक्टरांनी मुलाला तपासावे आणि त्याच्याशी बोलावे, हेच खरे.

जमलेल्या माता-पित्यांना दोन शब्द सांगून थांबतो. न्याहारीसाठी महाग डबे आणण्याची गरज नाही. रात्रीची पोळी आणि वाटीभर दही, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी, मोडाची उसळ, थालीपीठ, पोह्यांवर लिंबू, जोडीला एक केळे, यांतले काहीही चालेल. लिंबू किंवा आवळा यांमुळे अन्नातील लोह अधिक शोषले जाते. खाण्याबरोबर घेतलेला चहा ते अडवितो, म्हणून तो तासाभराने द्यावा. आणि मुलाला ‘खाल्लेस का?’ असे न विचारता ‘काय खाल्लेस?’ असे विचारावे. एका शब्दाचा फरक आहे, पण उत्तर पुष्कळदा निराळे येते.

देणगीदार बंधुभगिनींनो, संस्थेला मिळालेल्या दानातून खाट दिसते, यंत्र दिसते, त्यावर नावाची पाटीही लागते. नीट विचारलेल्या प्रश्नावर पाटी लावता येत नाही. परंतु त्या प्रश्नामुळेच आमचा पूरक आहाराचा प्रस्ताव दुपारच्या शाळेकडून सकाळच्या शाळेकडे वळला आणि विश्वस्त मंडळाने तो मंजूर केला. प्रार्थनेपूर्वी मूठभर फुटाणे, गूळ-शेंगदाण्याचा लाडू आणि केळे असे त्याचे स्वरूप आहे. ती आठवीची मुलगी लोहाच्या गोळ्या घेते आहे, तपासणीला येते आहे. मागच्या भेटीत आमच्या भगिनींनी तिला नेहमीप्रमाणे विचारले, ‘आज सकाळी काय खाल्लेस?’ ती म्हणाली, ‘लाडू. आणि एक भावासाठी ठेवला.’

तो दुसरा लाडू कोठून येणार, याचा विचार आता आपण सर्वांनी मिळून करावयाचा आहे.